डॉ. जॉन स्नो आणि ब्रॉड स्ट्रीटचा हापसा

पटकी हा शब्द आजच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना कोशात पाहावा लागेल. आपल्या सीमाभागातील जुन्या माणसांना मात्र तो चांगला ठाऊक आहे. कोणी तिला महामारी म्हणत, कोणी जरीमरी. आपले कानडी शेजारी वांतिभेदी म्हणतात. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी तिरडीवर, असा तिचा झपाटा असे. गावोगावच्या वेशीबाहेर मरीआईची देवळे उभी राहिली ती याच भयापोटी. साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत ओढून नेत. आपल्यावरचे संकट तिकडे जाते अशी समजूत होती. ही पटकी, म्हणजेच कॉलरा, नेमकी कशावर स्वार होऊन गावोगाव हिंडते हे ज्या माणसाने पुराव्यानिशी दाखवून दिले, त्या डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे या चरित्रात मला औषधापेक्षा पाण्याची परीक्षा आणि पाण्यावरचा कायदा या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटल्या.

जॉन स्नो याचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरी झाला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करीत. नऊ भावंडांत जॉन थोरला. गरिबाघरचा असूनही मुलाची गणिताची आवड पाहून आईवडिलांनी त्याला शाळेत घातले आणि चौदाव्या वर्षी न्यूकॅसल येथील एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारीला ठेवले. बंगालमधून निघालेली पटकीची साथ रशिया व जर्मनी ओलांडून १८३१ साली इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा जॉन अठरा वर्षांचा होता. किलिंगवर्थ येथील कोळशाच्या खाणीत साथ पसरली आणि गुरूंनी या पोराला तिथे पाठवले. खाणीत शौचाची सोय नव्हती. मजूर आठ-आठ, नऊ-नऊ तास जमिनीच्या पोटात राबत आणि शिदोरी तिथेच, न धुतलेल्या हातांनी खात. त्या वेळी त्याला रोगाचे कारण कळले असे नाही. पण पाहिलेले तो विसरला नाही.

याच वयात त्याने मांसाहार सोडला व दारू न पिण्याचे व्रत घेतले. १८३६ साली, बराचसा प्रवास पायी करून, तो लंडनला आला, १८३८ मध्ये शल्यवैद्यांची परीक्षा उतरला आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाचा एम.डी. झाला. सोहो या दाट वस्तीच्या भागात, फ्रिथ स्ट्रीटवर, त्याने दवाखाना थाटला. ओळखीपाळखी नाहीत, बोलणे बेताचे, आवाज किंचित घोगरा. रोग्यांची रीघ लागावी असे त्याच्यापाशी काही नव्हते. पण १८४६ च्या अखेरीस ईथरने बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करण्याची अमेरिकेतील नवी रीत लंडनला पोहोचली आणि स्नो यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. इतर डॉक्टर रुमालावर अंदाजाने ईथर ओतीत. स्नो यांनी कोणत्या तापमानाला हवेत ईथरची किती वाफ मावते याची कोष्टके मांडली आणि मोजून वाफ देणारे उपकरण तयार केले. पुढे क्लोरोफॉर्मही त्यांनी असेच मापात आणले. ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात, आणि पुन्हा १८५७ साली, क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. वखारीतील मजुराचा मुलगा राजवाड्यात पोहोचला तो मोजण्याच्या या सवयीमुळे.

तीच सवय त्यांनी पटकीकडे वळवली. त्या काळी बहुतेक सर्व विद्वानांचे मत असे होते की, कुजलेल्या घाणीतून निघणारी दूषित हवा हेच साथीचे कारण. दुर्गंधी म्हणजेच रोग. वायूंच्या अभ्यासात मुरलेल्या स्नो यांना हे पटेना. वायू दूरवर जाईल तसतसा विरळ होतो. मग एकाच गल्लीतले एक घर ओस पडते आणि शेजारचे सुखरूप राहते, हे कसे? आणि विष श्वासातून जात असेल तर रोगाने आधी छाती धरायला हवी. प्रत्यक्षात पहिला तडाखा बसतो तो आतड्यांना. तेव्हा हे विष पोटात गिळले जात असले पाहिजे, ते रोग्याच्या जुलाबातून बाहेर पडत असले पाहिजे आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटी जात असले पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ऑगस्ट १८४९ मध्ये त्यांनी तो एका छोट्या पुस्तिकेत छापला. रोगजंतूंची कल्पना तेव्हा रुजली नव्हती. वाचणाऱ्यांनी पुस्तिका वाचली, माना हलवल्या आणि पुरावा कुठे आहे असे विचारले. प्रश्न रास्त होता.

पुरावा मिळवण्याची वेळ १८५४ मध्ये आली. दक्षिण लंडनला दोन खाजगी कंपन्या नळाने पाणी पुरवीत. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसी येथे, म्हणजे शहराची गटारे जिथे टेम्स नदीत रिकामी होत त्या भागात, पाणी उपसत असे. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे, हलवले होते. दोघींचे नळ एकाच रस्त्यातून, कधी शेजारशेजारच्या दोन घरांत गेलेले. श्रीमंत-गरीब, म्हातारेकोतारे, पोरेबाळे सगळी सरमिसळ. हवा एक, वस्ती एक, वेगळे होते ते केवळ पाणी. सुमारे तीन लाख माणसांवर हा प्रयोग जणू आपोआप मांडला गेला होता. उरले होते ते एवढेच की, प्रत्येक मृताच्या दारी जाऊन तिथे कोणत्या कंपनीचे पाणी येते ते विचारायचे. स्नो यांनी तेच केले.

अडचण अशी की भाडेकरूंना कंपनीचे नाव ठाऊक नसे. पाणीपट्टी घरमालक भरी. इथे आपल्या अभ्यासक्रमातला एक साधा प्रयोग कामी आला. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातले की पांढरा साका बसतो, हे आपण सर्वांनी परीक्षानळीत पाहिले आहे. थेम्स डिटनच्या पाण्यात गॅलनमागे ०.९५ ग्रेन मीठ होते, तर साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या पाण्यात ३७.९ ग्रेन. भरतीबरोबर वर चढणारे खारे पाणी आणि शहराचे मैलापाणी, दोन्ही तिथे मिसळत. स्नो दारोदार कुपीभर पाणी घेत, त्यात थेंब टाकीत आणि कंपनी ओळखीत. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मीठ हे विष आहे असे स्नो यांनी कधीच म्हटले नाही. पाणी कुठून आले हे सांगणारी ती केवळ खूण होती. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारा एक गृहस्थ आला होता. त्याने एका भांड्यात नळाचे व दुसऱ्यात आपल्या यंत्राचे पाणी घेऊन दोहोंत लोखंडी कांड्या बुडवल्या आणि वीज सोडली. नळाच्या पाण्यात तांबूस-तपकिरी गाळ उसळला. यंत्राचे पाणी निवळशंख राहिले. बायाबापड्या घाबरल्या. वास्तविक तो गाळ कांडीच्या लोखंडाचाच होता. नळाच्या पाण्यात नेहमीचे क्षार असतात म्हणून वीज वाहते व लोखंड विरघळते. यंत्राने क्षार काढून टाकल्यामुळे वीजच वाहत नाही. त्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत, याविषयी या प्रयोगाने काडीइतकेही सिद्ध होत नाही. स्नो यांनी पाण्यातला क्षार सत्य शोधण्यासाठी वापरला. इथे तोच क्षार भीती विकण्यासाठी वापरला गेला. रसायनशास्त्र दोघांचे एकच, फरक सचोटीचा.

दक्षिण लंडनचे हे काम चालू असतानाच स्नो यांच्या स्वतःच्या शेजारी आग लागली. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्रीपासून सोहोतील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात माणसे पटापट मरू लागली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक बळी गेले. मध्यावर एक सार्वजनिक हापसा होता आणि त्याचे पाणी चवीला गोड व दिसायला स्वच्छ म्हणून नावाजलेले. दुरून लोक ते मुद्दाम नेत. स्नो यांनी मृतांची सरकारी यादी मिळवून चौकशी आरंभली. पोलंड स्ट्रीटच्या अनाथ-दरिद्री आश्रमात ५३५ माणसे होती. चहूकडे प्रेते उठत असताना तिथे पाच मेली, कारण आश्रमाची स्वतःची विहीर होती. जवळच्या बियरच्या कारखान्यातले सत्तरांहून अधिक कामगार बचावले. ते हापशाच्या वाटेला जातच नसत. उलट हँपस्टेडला, कित्येक मैल दूर, एक विधवा बाई पटकीने दगावली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे, आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज एक बाटली गाडीतून मागवून घेई. तिची भाची ते पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली, तीही गेली.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या पंचांपुढे हा सारा तपशील मांडला. पंचांची खात्री पटली होती असे नाही; पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हापशाचा दांडा काढून टाकला. गोष्टीवेल्हाळ लेखक लिहितात की त्याच क्षणी साथ थांबली. खरे पाहता लोक घरे सोडून पळाल्यामुळे साथ आधीच उतरू लागली होती, आणि स्नो यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. आपल्या बाजूचे श्रेयसुद्धा त्यांनी वजन करूनच घेतले. पुढे त्यांच्याशी वाद घालायला निघालेले तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर फिरून अधिक माहिती जमवली आणि तेच त्यांचे सर्वांत मोठे साक्षीदार ठरले. ४० नंबरच्या घरातील तान्ह्या मुलीला साथीच्या आधी जुलाब झाले होते. आईने तिची लुगडी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाटाकीत ओतले होते. खणून पाहिले तेव्हा त्या टाकीच्या विटा निखळलेल्या, आणि विहिरीपासून तिचे अंतर तीन फुटांहूनही कमी.

इतके होऊनही सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने १८५५ मध्ये स्नो यांचे मत अमान्य केले. हापशाचा दांडाही काही काळाने परत बसवण्यात आला. आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या, वाढवलेल्या आवृत्तीवर त्यांनी पदरचे दोनशे पौंडांहून अधिक खर्च केले. खपल्या ५६ प्रती.

त्याच वर्षी एक प्रसंग घडला, तो मला त्यांच्या चरित्रात फार मोलाचा वाटतो. दुर्गंधी सोडणाऱ्या धंद्यांवर, हाडे उकळणारे, चरबी वितळवणारे यांच्यावर, निर्बंध घालणारे विधेयक पार्लमेंटपुढे होते. समितीपुढे साक्ष द्यायला स्नो उभे राहिले ते या धंदेवाल्यांच्या बाजूने! घाण वासाने साथ येत असती तर तिथले कामगार सर्वांआधी मेले असते, आणि तसे होत नाही, हे त्यांचे म्हणणे. वैद्यकीय पत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. आज आपल्याला ठाऊक आहे की धुराने व विषारी वायूंनी माणसाची फुफ्फुसे जातात. तेव्हा ही साक्ष सर्वस्वी बिनचूक नव्हती. पण तिच्यामागचा मुद्दा पक्का होता. कायदा करायचा तर जे खरोखर मारते त्यावर करा. नाकाला जे खुपते त्यावर कायदा करून स्वस्थ बसलात तर मारणारे मोकळेच राहील.

पाण्यावरचा कायदा तोवर झालेला होता, हे विशेष. १८५२ च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांना आज्ञा केली की, १८५५ पर्यंत टेम्सचे पाणी भरतीच्या टप्प्यापलीकडून, टेडिंग्टनच्या वरून घ्यावे, घरगुती वापराचे पाणी गाळून द्यावे आणि शहराजवळचे साठवण तलाव झाकावेत. वाळूतून गाळण्याची युक्ती नवी नव्हती. चेल्सी कंपनीने ती १८२९ मध्येच अंमलात आणली होती. चेल्सीचे पाणीही घाणेरड्या टेम्सचेच, पण ते निवळून व गाळून दिले जाई, आणि तिच्या ग्राहकांत मृत्यू कमी होते, हेही स्नो यांनी टिपून ठेवले आहे.

१८५७ मध्ये त्यांनी आणखी एक शोधनिबंध लिहिला. लंडनचे पाववाले पाव पांढराशुभ्र दिसावा म्हणून पिठात तुरटी घालीत. या तुरटीमुळे अन्नातले फॉस्फेट शरीराला मिळत नाही आणि मुलांची हाडे वाकतात, अशी शंका स्नो यांनी मांडली. मुडदूसाचे मुख्य कारण ड जीवनसत्त्वाचा अभाव हे पुढे विसाव्या शतकात कळले. पण तुरटीतील अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फेटला धरून ठेवते हे खरेच आहे.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ लिहीत असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि १६ जूनला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. लग्न केलेले नव्हते. मागे उरले ते कागद. त्याच उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी माजली की पार्लमेंटला बसवेना, आणि खासदारांनी घाईघाईने लंडनच्या नव्या गटारयोजनेला पैसा मंजूर केला. दुर्गंधी म्हणजे रोग, या चुकीच्या समजुतीतून बरोबर काम झाले!

स्नो यांची बाजू खरी ठरली ती १८६६ मध्ये. गटारे बहुतेक पुरी झाली होती, कायदा लागू होता, तरी पूर्व लंडनमध्ये पटकी उसळली. त्या वर्षी लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे गेली. सरकारी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार, जे एकेकाळी दूषित हवेचे कैवारी होते, त्यांनी या वेळी सरळ नळांचा माग काढला. ईस्ट लंडन कंपनीच्या अभियंत्याने न गाळलेला एक थेंबही दिला नसल्याचे वृत्तपत्रातून ठासून सांगितले होते. पण काही ग्राहकांच्या नळांतून वाम मासे निघाले! वाळूच्या थरातून वाम कसा येईल? ओल्ड फोर्ड येथील उघड्या तलावातले न गाळलेले पाणी नळांत सोडण्यात आले होते. गाळणी होती, कायदा होता. त्या गाळणीतून पाणी खरोखर जाते की नाही हे पाहणारा कोणी नव्हता. १८७१ मध्ये कायद्याने पाण्यासाठी स्वतंत्र परीक्षक नेमला.

शुद्धीकरणाच्या साधनांवरही पहारा लागतो, हे तुरटीनेच पुन्हा शिकवले. ६ जुलै १८८८ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ६ जुलै १९८८ रोजी, इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात कॅमेलफर्डजवळच्या जलशुद्धीकरण केंद्रात, पाणी निवळण्यासाठी आणलेले २० टन अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट चुकून भलत्याच टाकीत ओतले गेले आणि थेट नळांत शिरले. सुमारे वीस हजार लोकांना ते पाणी गेले, आणि पाणी निर्धोक आहे असेच कित्येक दिवस त्यांना सांगण्यात आले. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत पाण्यात घालण्याच्या रसायनांसाठी व पाण्याला स्पर्श करणाऱ्या नळ-टाक्यांसाठी स्वतंत्र मानके प्रसिद्ध झाली. आपल्या भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीतही या गोष्टींचा हिशेब आहे : अ‍ॅल्युमिनिअम लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ०.२, विरघळलेले एकूण क्षार ५००, पर्याय नसेल तर २,००० पर्यंत, आणि १०० मिलिलिटर पाण्यात मैल्यातला ई. कोलाय जंतू मुळीच सापडता कामा नये. क्षारांना दोन मर्यादा आहेत, जंतूला एकच, आणि ती शून्य. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे क्षार ५०० हून कमी आहेत तिथे क्षार काढणाऱ्या आर.ओ. यंत्रांना मनाई करावी, असे केंद्र सरकारला सांगितले, त्यामागेही हाच विवेक होता. कारण ही यंत्रे पुष्कळ पाणी वाया घालवतात.

स्नो वारले तेव्हा लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने चार ओळींत त्यांची बोळवण केली. त्यात क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा नव्हता. ती उणीव त्याच पत्राने २०१३ मध्ये, त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, दुरुस्ती छापून भरून काढली. ब्रॉड स्ट्रीटवर, आताच्या ब्रॉडविक स्ट्रीटवर, त्यांच्या नावाचे एक मद्यगृह आहे. दारूला न शिवणाऱ्या माणसाचे असे स्मारक पाहून हसू येते. मला त्यांचे खरे स्मारक वेगळे वाटते. आपल्या गावची नगरपालिका वा ग्रामपंचायत पाण्याच्या तपासण्या करते, त्यांचे कागद असतात. ते मागून पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. विद्यार्थी मित्रहो, पाणी गोड आहे का, निवळ आहे का, वास येतो का, एवढ्यावर न थांबता, ते कुठून आले, कशातून गाळले, त्यात काय घातले आणि ते शेवटचे कोणी व केव्हा तपासले, हे चार प्रश्न आपण विचारू लागलो, तर या अबोल डॉक्टरच्या पायपिटीचे ऋण थोडेतरी फिटेल.